आरशासमोरचा चित्रकार

जालना, अंबड, भोकरदन, परतूर या बाजूच्या एखाद्या जुन्या वाड्यात तुम्ही कधी गेला असाल, तर ढाळज ओलांडून ओसरीवर येताच भिंतीवरील तसबिरींकडे तुमचे लक्ष गेले असेल. पागोटे घातलेले पणजोबा, नऊवारी लुगड्यातील पणजी, हातातील काठी टेकून खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा अशी ती वडीलधारी माणसे काचेआडून आपल्याकडे पाहत असतात. तसबिरीसाठी बसताना त्यांनी ठेवणीतला पोशाख घातलेला असतो आणि चेहरा गंभीर केलेला असतो. त्यामुळे घराण्याचा रुबाब त्या तसबिरीत उतरतो. परंतु त्या माणसाने आयुष्यात काय सोसले, कोणत्या गोष्टीची त्याला खंत वाटली, हे तिच्यावरून क्वचितच कळते.

जगात एक चित्रकार मात्र असा होऊन गेला, की त्याने स्वतःची तसबीर एकदा नव्हे, तर सुमारे ऐंशी वेळा काढली. मिसरूड फुटण्याच्या वयापासून केस पांढरे होईपर्यंत तो आरशासमोर बसत राहिला आणि आरशाने जे दाखविले, ते त्याने लपविले नाही. त्या चित्रकाराचे नाव रेम्ब्रांट.

रेम्ब्रांट हा शिवकालातील माणूस. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा तो हॉलंड देशात चित्रे काढून नुकताच नावारूपास येत होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली ती १६७९ साली. त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी रेम्ब्रांटने जगाचा निरोप घेतला होता. या दोन टोकांच्या मध्ये त्याचे वैभव, त्याची दुःखे आणि त्याची कीर्ती सामावलेली आहे.

त्याचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन या गावी झाला. त्याचे पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन व्हान रेइन असे होते. हार्मेन्सझोन म्हणजे हार्मेनचा मुलगा आणि व्हान रेइन म्हणजे ऱ्हाईन नदीकाठचा. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात आणि गावाच्या नावाला कर जोडून आडनाव करतात, तशीच ही रीत होती. नदीकाठी त्याच्या वडिलांची पवनचक्की होती. मद्यासाठी लागणारे मोडाचे सातू तिच्यात दळले जात. आई एका पाव भाजणाऱ्याची मुलगी. घरात मुले पुष्कळ होती आणि रेम्ब्रांट हा त्या भावंडांतील नववा. घर श्रीमंत नव्हते, तसे अगदी गरीबही नव्हते. मुलाने शिकून मोठे व्हावे म्हणून आईवडिलांनी त्याला लॅटिन भाषेच्या शाळेत घातले. १६२० मध्ये लायडनच्या विद्यापीठातही त्याचे नाव दाखल झाले. परंतु त्याचे चित्त ग्रंथांत रमेना. रेषा आणि रंग यांचाच त्याला ध्यास लागला होता. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि गावातील याकोब व्हान स्वानेनबर्ख या चित्रकाराच्या हाताखाली त्याला ठेवले.

त्या काळी चित्रकला ही सुताराच्या किंवा सोनाराच्या विद्येप्रमाणे गुरूच्या घरी राहून शिकावी लागे. शिष्याने प्रथम रंग वाटावेत, फळ्या घासून गुळगुळीत कराव्यात, गुरूची चित्रे पाहून गिरवावीत आणि मग हळूहळू कुंचला हाती घ्यावा. रेम्ब्रांटने असा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला. त्यानंतर सहा महिने आम्स्टरडॅम शहरात पीटर लास्टमान या नामांकित चित्रकारापाशी तो शिकला. पुढे लायडनला परत येऊन विशीच्या आतबाहेर त्याने स्वतःची चित्रशाळा थाटली.

चित्रकाराला माणसांचे चेहरे काढायचे, तर कोणीतरी समोर तासन् तास स्थिर बसणारे हवे. अशा माणसाला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा लागतो. तरुण रेम्ब्रांटने एक सोपा उपाय शोधला. एक माणूस त्याच्या हाती सदैव होता. तो कधी कंटाळत नसे, पैसे मागत नसे आणि सांगाल तसे तोंड करीत असे. तो माणूस म्हणजे स्वतः रेम्ब्रांट. मग आरसा समोर ठेवून त्याने विद्यार्थ्याच्या चिकाटीने अभ्यास आरंभला. तो कधी डोळे विस्फारून दचकल्याचा आव आणी, कधी तोंड पसरून हसे, तर कधी भुवया आवळून रागाने पाही. ती मुद्रा तो तांब्याच्या पत्र्यावर कोरी आणि त्या पत्र्यावरून कागदावर ठसे काढी. १६३० च्या सुमाराची अशी काही चित्रे आजही आहेत. त्यांतील एखादे तर इतके लहान आहे की ते तळहातावर सहज मावते. पण त्यातील चेहऱ्यावरचे आश्चर्य खरे वाटते. भय, हर्ष, क्रोध आणि खेद यांनी चेहऱ्याचा कोणता स्नायू कसा हलतो, हे तो स्वतःच्याच चेहऱ्यावर शिकला. पुढे मोठ्या चित्रांतून त्याने जी शेकडो माणसे उभी केली, त्यांच्या मुद्रांमागे हा अभ्यास होता.

सुमारे १६२८ मधील त्याचे एक छोटे तैलचित्र आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. पाटीपेक्षाही लहान अशा फळीवर ते काढलेले आहे. त्यात कुरळ्या केसांचा एक तरुण दिसतो. प्रकाश मागून, एका बाजूने येतो. त्यामुळे गाल आणि मान उजळलेली, पण डोळे छायेत बुडालेले आहेत. एरवी चित्रकार डोळे आधी स्पष्ट करतो. रेम्ब्रांटने ते अंधारात ठेवले, म्हणून पाहणाऱ्याला जवळ जाऊन त्या अंधारात डोकावावेसे वाटते. केसांच्या बटा दाखविण्यासाठी त्याने ओल्या रंगावर कुंचल्याच्या दांड्याने ओरखडे काढले आहेत. छाया आणि प्रकाश यांच्या मेळाने माणसाचे मन दाखविता येते, हे त्याला बावीस वर्षांच्या वयात उमगले होते.

१६३१ च्या सुमारास तो आम्स्टरडॅमला राहावयास गेला. ते शहर त्या वेळी जगातील मोठ्या व्यापारी पेठांपैकी एक होते. आपल्या देशातील कापड, नीळ आणि मिरी डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तेथे उतरत असे. व्यापारी गबर झाले होते आणि आपापल्या घरांच्या भिंती चित्रांनी सजविण्याची त्यांना हौस होती. १६३२ मध्ये रेम्ब्रांटने शरीरशास्त्राचा धडा देणाऱ्या डॉक्टर तुल्प यांचे चित्र रंगविले आणि त्याचे नाव शहरात सर्वतोमुखी झाले. आपली तसबीर रेम्ब्रांटनेच काढावी, असे धनिकांना वाटू लागले. एवढेच नव्हे, तर खुद्द रेम्ब्रांटची तसबीर आपल्या घरी असावी, असेही रसिकांना वाटू लागले. त्यामागे दुहेरी लाभ होता. एकाच चित्रात प्रसिद्ध पुरुषाचा चेहराही मिळे आणि त्याच्या हाताची कारागिरीही मिळे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या संग्रहातदेखील या गिरणीवाल्याच्या मुलाचे आत्मचित्र जाऊन पोहोचले.

आत्मचित्र काढताना एक अडचण येते. ती तुम्ही घरी करून पाहू शकाल. आरशासमोर उभे राहून उजव्या हातात लेखणी धरा. आरशातील मुलाने ती डाव्या हातात धरलेली दिसेल. चित्रकाराने आरशात दिसते तसेच काढले, तर तो डावखुरा भासेल. रेम्ब्रांटच्या उतारवयातील एका आत्मचित्राची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा असे आढळले की त्याने प्रथम आरशात दिसले त्याप्रमाणे हात काढले होते आणि मागाहून ते बदलून घेतले होते. आरसा खरे बोलतो, पण उलटे बोलतो. त्याचे बोलणे सरळ करून घेण्याचे काम चित्रकाराचे असते.

१६३४ मध्ये सास्किया नावाच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील मुलीशी रेम्ब्रांटचा विवाह झाला. घरात सुख आले आणि पैसाही आला. १६३९ मध्ये त्याने योडेनब्रेस्ट्राट या रस्त्यावरील एक प्रशस्त घर १३,००० गिल्डरांना विकत घेतले. ही रक्कम त्या काळी फार मोठी होती. सगळे पैसे रोख देणे शक्य नव्हते, म्हणून त्याने हप्ते बांधून घेतले. ते घर म्हणजे राहण्याची जागा, चित्रशाळा, पाठशाळा आणि दुकान असे सर्व काही होते. दिंडीतून आत आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्या दालनापासूनच भिंतीभर टांगलेली चित्रे दिसत. वरच्या मजल्यावर शिष्य काम करीत. एका खोलीत शंख, शिंपले, शिरस्त्राणे, भाले, दूरदेशीच्या वस्तू आणि जुन्या चित्रांचे गठ्ठे यांचा संग्रह होता. लिलावात एखादी दुर्मीळ वस्तू दिसली, की रेम्ब्रांटला मोह आवरत नसे.

१६४० मध्ये चौतिसाव्या वर्षी त्याने काढलेले आत्मचित्र या वैभवाची साक्ष देते. अंगात मखमल आणि केसाळ कातड्याचा किमती पोशाख, डोक्यावर टोपी, हात कठड्यावर टेकलेला आणि नजर शांत, किंचित अभिमानी. जणू कोणी सरदारच आपल्या गच्चीतून पाहत आहे, असे वाटते. ते चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे.

परंतु दैवाची कृपा फार दिवस टिकली नाही. सास्कियाची पहिली तीन मुले तान्हेपणीच दगावली. १६४१ मध्ये टायटस नावाचा मुलगा झाला आणि तेवढाच वाचला. त्यानंतर एका वर्षाच्या आत, १६४२ मध्ये, सास्किया आजारपणात मरण पावली. त्याच वर्षी रेम्ब्रांटने शहराच्या रक्षक पथकाचे प्रचंड चित्र पुरे केले. रात्रीचा पहारा या नावाने ते पुढे जगप्रसिद्ध झाले. एका हाताने यश मिळत होते आणि दुसऱ्या हाताने संसार निसटत होता.

पुढील दहा वर्षांत घराची आर्थिक घडी विसकटत गेली. चित्रांच्या मागण्या पूर्वीसारख्या येईनात. इंग्लंडशी झालेल्या युद्धामुळे व्यापार मंदावला होता. घराच्या किमतीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम अजून थकलेली होती. पण सारा दोष काळाला देऊन चालणार नाही. हातात पैसा असताना त्याने तो राखला नाही आणि नसताना उधारीवर खरेदी केली. टायटसला सांभाळणाऱ्या दाईशी त्याचे वितुष्ट आले, तेव्हा १६५० मध्ये तिला सुधारगृहात डांबविण्यात त्याचा हात होता. हा त्याच्या चरित्रावरील डाग आहे. थोर कलावंत हाही माणूसच असतो आणि त्याचे दोष झाकून ठेवणे म्हणजे त्याने आयुष्यभर जे केले नाही, ते आपण करणे होय.

१६५६ मध्ये रेम्ब्रांटने आपण कर्ज फेडू शकत नसल्याचे न्यायालयापुढे मान्य केले. सरकारी कारकून त्याच्या घरी आले. त्यांनी एका दालनातून दुसऱ्या दालनात जात प्रत्येक वस्तूची नोंद केली. भिंतीवरील चित्रे, खुर्च्या, आरसे, शिरस्त्राणे, जुन्या चित्रांचे गठ्ठे आणि स्वयंपाकघरातील भांडीदेखील त्या यादीत आली. त्यात एकूण ३६३ नोंदी आहेत. ही यादी आजही जपून ठेवलेली आहे. ती वाचताना एक गोष्ट मनाला लागते. ज्या माणसाने स्वतःचा चेहरा इतक्यांदा रंगविला, त्याच्या घराच्या भिंतींवर त्याचे आत्मचित्र म्हणून नोंदलेले एकही चित्र त्या यादीत नाही. जी चित्रे झाली, ती विकली गेली. रेम्ब्रांटचा चेहरा दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांत लागला होता. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र तो फक्त आरशात होता.

याच पडत्या काळात त्याने एक असे काम केले, की जे वाचून आपल्याला विशेष नवल वाटेल. डच जहाजांतून आलेली मोगल दरबारची लहान लहान चित्रे त्याच्या पाहण्यात आली. त्यांतील नाजूक रेघा, पागोटी, जामे आणि कट्यारी पाहून तो मोहून गेला. वयाची पन्नाशी गाठलेल्या या जगप्रसिद्ध चित्रकाराने नवशिक्या शिष्याप्रमाणे त्यांच्या नकला केल्या. अशी वीसहून अधिक रेखाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत बादशहा जहांगीर आहे आणि शहाजहानही आहे. ज्या शहाजहानाच्या फौजांनी १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला जिंकला, तोच हा शहाजहान. झाडाखाली बसलेल्या चार वृद्ध फकिरांच्या एका चित्राची त्याने नक्कल केली आणि १६५६ मध्ये बायबलमधील अब्राहमच्या कथेवर चित्र कोरताना पाहुण्यांची बैठक त्याच धर्तीवर मांडली. आपल्या देशातील अनामिक कारागिरांची विद्या अशा रीतीने समुद्रापार जाऊन एका महान चित्रकाराच्या कामी आली. आणि योगायोग असा, की १६५८ या एकाच वर्षी औरंगजेबाने शहाजहानाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले व इकडे रेम्ब्रांटचे राहते घर विकले गेले. घराला ११,२१८ गिल्डर किंमत आली. वर्षानुवर्षे हौसेने जमविलेला संग्रहही लिलावात विखुरला.

त्या लिलावासंबंधीचा एक प्रसंग कागदपत्रांतून आपल्यापर्यंत आलेला आहे. काळ्या आबनुशी लाकडाची चौकट असलेला एक मोठा आरसा विक्रीस निघाला होता. असा आरसा त्या काळी फार महाग असे. टायटस हा तेव्हा सतराच्या आसपासचा कोवळा मुलगा. त्याने पैसे भरून तो आरसा सोडवून घेतला. बाकी सर्व जात असताना त्याने नेमका आरसाच का घेतला, हे कागदपत्रांत लिहिलेले नाही. परंतु वडिलांचे बरेच आयुष्य आरशासमोर गेले होते, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. आरसा डोक्यावर घेऊन एक माणूस निघाला. वाटेत एकाएकी काच तडकल्याचा आवाज झाला आणि तुकडे खाली आले. हाती राहिली ती रिकामी चौकट. नेणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती, अशी पाहणाऱ्यांनी रीतसर साक्ष दिली. साक्षीचा कागद राहिला, पण आरसा गेला.

आता या माणसाने काय केले असेल, असे तुम्हाला वाटते? घर गेले, संग्रह गेला आणि अब्रूही पणाला लागली. अशा वेळी मनुष्य लोकांपासून तोंड लपवितो. रेम्ब्रांटने त्याच १६५८ साली आपले सर्वांत भव्य आत्मचित्र रंगविले. चार फुटांहून उंच अशा त्या चित्रात तो आसनावर पाय रोवून, राजासारखा बसला आहे. अंगात सोनेरी झळाळीचा अंगरखा आहे, हातात दंड आहे. पण चेहऱ्याकडे पाहा. तेथे राजाचा डौल नाही. कपाळावर आठ्या आहेत, डोळ्यांखाली सूज आहे आणि ओठ घट्ट मिटलेले आहेत. पोशाख कल्पनेतील आहे. चेहरा मात्र अगदी खरा आहे. आपल्याजवळचे सर्व जाऊ शकते, पण आपली विद्या आणि तिचा स्वाभिमान कोणी लिलावात काढू शकत नाही, असेच जणू ते चित्र सांगते. पुढे अडीचशे वर्षांनी, १९०६ मध्ये, हेन्री क्ले फ्रिक या अमेरिकेतील धनाढ्य कारखानदाराने ते विकत घेतले. न्यूयॉर्क शहरातील त्याच्या वाड्याचे १९३५ मध्ये संग्रहालय झाले आणि ते चित्र त्याच वाड्याचे भूषण ठरले. स्वतःच्या घराला मुकलेला माणूस दुसऱ्याच्या घराची शोभा झाला.

रेम्ब्रांटचे कुटुंब रोझेनग्राख्ट या साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहावयास गेले. या दिवसांत त्याला दोघांचा आधार होता. एक मुलगा टायटस आणि दुसरी हेंड्रिक्ये स्टॉफेल्स. ती पूर्वी त्याच्या घरी कामाला होती आणि पुढे त्याच्या संसाराची सोबतीण झाली. त्या दोघांची कॉर्नेलिया नावाची एक मुलगी होती. सावकारांनी नव्या चित्रांवर टाच आणू नये, म्हणून हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी १६६० मध्ये मिळून चित्रविक्रीचा धंदा काढला. कागदोपत्री रेम्ब्रांट हा आपल्याच मुलाचा नोकर झाला. तरीही ओढगस्त संपली नाही. १६६२ मध्ये त्याला सास्कियाच्या थडग्याची जागासुद्धा विकावी लागली. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये वारली. १६६८ मध्ये, लग्न होऊन काही महिने होतात न होतात तोच, टायटसही गेला.

एवढे होऊनही त्याचा कुंचला थांबला नाही; उलट तो अधिक मोकळा झाला. तरुणपणी तो वस्त्राचा धागा न् धागा दाखवी. आता रंगाचे जाड थर देऊन, कधी सुरीने, कधी दांड्याने तो थोडक्यात सारे सांगू लागला. १६६५ नंतरच्या एका आत्मचित्रात डोक्याला पांढरे फडके गुंडाळलेला म्हातारा रेम्ब्रांट रंगफलक घेऊन उभा आहे. हात जेमतेम सुचविलेले आहेत, मागे भिंतीवर दोन मोठी अर्धवर्तुळे आहेत आणि चेहरा स्थिर आहे. क्ष-किरणांची जी हकीकत मघाशी सांगितली, ती याच चित्राची. लंडनमधील केनवुड हाउस या वाड्यात ते टांगलेले आहे. जाणकार दूरदेशीहून या म्हाताऱ्याला भेटण्यास येत. १६६७ मध्ये इटलीतील तस्कनीचा राजपुत्र कोसिमो याने त्याची भेट घेतली होती.

१६६९ हे त्याचे अखेरचे वर्ष. त्या वर्षीही तो आरशासमोर बसला. त्या वर्षीचे एक आत्मचित्र लंडनला आहे आणि एक हॉलंडमधील हेग शहरी आहे. गाल ओघळलेले, नाक जाड झालेले, केस पांढरे. पण नजर तीच, अंधारातून प्रकाशाकडे पाहणारी. तिच्यात रडगाणे नाही आणि बढाईही नाही. मी असा आहे, एवढेच ती नजर सांगते. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी रेम्ब्रांटचे निधन झाले. वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, नाव नसलेल्या थडग्यात त्याला पुरण्यात आले. त्याचे थडगे नेमके कोठे आहे, ते आज कोणालाही दाखविता येत नाही.

पण ज्याला थडग्यावरही नाव मिळाले नाही, त्याचा चेहरा जगाला तोंडपाठ झाला. लिलावात गेलेल्या त्याच्या घराचे १९११ मध्ये संग्रहालय करण्यात आले आणि हॉलंडच्या राणी विल्हेल्मिना यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे, कारकुनांनी केलेल्या त्या ३६३ नोंदींचाच आधार घेऊन त्या घराच्या खोल्या पूर्वीसारख्या मांडण्यात आल्या. जी यादी त्याच्या अपमानाची म्हणून तयार झाली, तीच त्याच्या स्मारकाचा आराखडा ठरली. आम्स्टरडॅमच्या रायक्स संग्रहालयात त्याची आत्मचित्रे आहेत आणि त्याच संग्रहालयात, सतराव्या शतकात गोवळकोंड्यास काढलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे एक चित्रही जपलेले आहे. हॉलंडच्या व्यापारी जहाजांनी मिरी आणि कापड नेले. ते केव्हाच संपले. त्यांनी नेलेले चेहरे मात्र उरले.

मुलांनो, आपल्यापैकी प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी आरशात पाहतो. भांग नीट आहे ना, सदऱ्याची गुंडी लागली आहे ना, एवढे पाहिले की आपण वळून निघून जातो. रेम्ब्रांट तेथे थांबला. आपले यश पाहताना तो थांबला आणि आपले अपयश पाहतानाही थांबला. जे दिसले, ते त्याने चार लोकांच्या भिंतींवर लावण्यास निःशंकपणे दिले. इतरांचे दोष दाखविणारी नजर पुष्कळांजवळ असते; स्वतःकडे अशा निर्भय नजरेने पाहणारा विरळा. पुढच्या वेळी घरातील एखाद्या जुन्या तसबिरीसमोर उभे राहाल, तेव्हा तिच्या चौकटीकडे आणि पोशाखाकडे पाहून थांबू नका. त्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहा. आणि मग तसेच, त्याच शांतपणे, एकदा आरशातही पाहा.